परवडतं कुणाला?

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने आपल्या कोल्हापुरीसारखी दिसणारी चप्पल दाखवली. त्यावरून कोल्हापुरात आणि कोल्हापूरच्या नावाने जे भांडण झालं, ते मला पहिल्या दिवसापासून भलत्याच जागी पेटलेलं वाटत होतं. एक बाजू म्हणत होती, ही सरळसरळ चोरी आहे, कोर्टात खेचा. दुसरी म्हणत होती, कसली चोरी घेऊन बसलात, कोट्यवधींची जाहिरात फुकटात झाली, आभार माना. पहिल्यांनी कायद्याचं पुस्तक उघडलं, दुसऱ्यांनी कॅल्क्युलेटर काढला. आपण नीतीबद्दल बोलतोय असं दोघांनाही वाटत राहिलं. हीच दोन हत्यारं आपण धंद्यातल्या प्रत्येक वादात काढतो. उसाचं बिल थकलं, नदी काळी पडली, जॉबवर्कवाल्याचे पैसे चार महिने अडकले, तरी प्रश्न दोनच: कायद्यात बसतं का? आणि परवडतं का?

हे दोन्ही प्रश्न गरजेचे आहेत, पण नीतीचा निकाल त्यांनी लागत नाही, असं माझं मत आहे. धंद्यातल्या निर्णयाला नीतीच्या अंगाने विचारायचा प्रश्न वेगळा आहे: या निर्णयाची किंमत कोण मोजतंय, आणि त्याला 'नाही' म्हणायची सोय होती का? मालक स्वभावाने देवमाणूस आहे, वर्गणी सढळ हाताने देतो, ताळेबंद वर्षागणिक फुगतोय, या गोष्टींनी त्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

कायद्याचं आधी उरकून घेतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात, आणि नोंदणी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे. हे मानांकन नाव जपतं, तेही देशाच्या हद्दीत. प्राडाने तर सुरुवातीला 'कोल्हापुरी' हा शब्दच उच्चारला नव्हता. मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका जुलैमध्ये फेटाळली गेली, कारण ज्यांच्या हक्काचा प्रश्न होता ते याचिकाकर्ते नव्हतेच. कायद्याने फारसं काही हाती लागत नव्हतं. तरीही काहीतरी वावगं झालंय असं ज्यांना वाटलं त्यांना मी भाबडे म्हणणार नाही. ज्यांच्या पिढ्यांनी तो आकार घडवला त्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांचा उल्लेखही केला नव्हता. पुढे डिसेंबरात कंपनीने त्याच दोन महामंडळांशी करार केला आणि इथल्या कारागिरांच्या हातून दोन हजार जोड करून घेऊन ते सुमारे ८०० युरोंना विकण्याचं जाहीर केलं. ते कुठल्या निकालामुळे झालं नाही. लाजेने झालं म्हणा, नाहीतर बाजार बिघडेल या भीतीने.

मात्र कायदा ज्या नावाला खरोखर जपतो, ते नाव रोज कुठे मोडलं जातं? त्यासाठी मिलानला जायला नको. कोल्हापुरात अंबाबाईच्या मंदिराच्या आसपास फिरलात तरी रेक्झिनची, मशिनवर कापून चिकटवलेली 'अस्सल कोल्हापुरी' पर्यटकाच्या गळ्यात मारलेली दिसेल. आणि खरी चप्पल असली तरी तिची वेणी घालणारी बाई बऱ्याचदा घरी बसून, नगावर काम करत असते. तिचा दर कोण ठरवतं, तो शेवटचा कधी वाढला, हे त्या महिनाभरातल्या किती चर्चांत आलं? परदेशी कंपनीने विचारलं नाही म्हणून संताप आणि आपण कधीच विचारलं नाही त्याचं काय, हा हिशेब कुणी मांडला नाही. प्राडाला माफ करा असा याचा अर्थ नव्हे. ज्या मापाने प्राडाला मोजलं ते माप गल्लीतही आणा, एवढंच.

आता समोरच्या बाजूचं जे सगळ्यात मजबूत म्हणणं आहे ते घेऊ. 'धंद्यात असंच चालतं' हे तुच्छतेने झटकून टाकायचं वाक्य नाही. त्याच्या आत एक खरा युक्तिवाद आहे. मी एकट्याने चांगलं वागायचं ठरवलं तर माझा खर्च वाढेल, शेजारचा माझं गिऱ्हाईक नेईल, माझं शटर बंद होईल आणि माझ्याकडची माणसं घरी बसतील. म्हणजे नीतीमान मालक गेला, त्याच्या जागी बिननीतीचा आला आणि जगात नीती तसूभर वाढली नाही. याला उत्तर काय?

गुऱ्हाळाचं उदाहरण घ्या. काहिलीत रस तापताना भेंडीचा चीक टाकून मळी वर आणायची, ती झाऱ्याने काढायची, ही जुनी रीत. तिने निघणारा गूळ रंगाला तांबूस, कधी काळपट. पण सौद्यात दर खाऊन जातो तो पिवळाधमक, गोरा गूळ. व्यापारी रंग बघतो, कारण परपेठेतलं गिऱ्हाईक रंग बघतं. मग रस साफ करायला आणि रंग उजळवायला हायड्रॉस नावाची रासायनिक पूड येते, कुठे कुठे साखरही मिसळली जाते. कोल्हापुरी गुळाला मानांकन मिळालं २०१४ मध्ये, पण ढेपेचा भाव अजून डोळ्यांनीच ठरतो. गुऱ्हाळवाल्याला तुम्ही नीतीचे धडे द्यायला गेलात तर तो शांतपणे विचारेल, 'साहेब, काळा गूळ तुम्ही घेता का, त्याच दराने?' आणि आपल्याकडे उत्तर नसतं. इथे तो एकटा खरंच अडकलेला आहे हे मी मान्य करतो. उसाची मोळी, जळण, गुळव्याची मजुरी, सगळं अंगावर घेऊन बसलेल्या माणसाला हुतात्मा व्हायला सांगणं ही आपल्या खिशाला तोशीस न लागणारी नीती झाली.

मात्र अडकलेला आहे म्हणजे प्रश्न संपला, असं होत नाही. एकट्याला शक्य नसेल तर सगळ्यांवर एकदम बंधन घालावं लागेल, एवढंच त्यातून निघतं. त्यातूनच या युक्तिवादाचा खरेखोटेपणा तपासायची एक कसोटीही मिळते. 'माझा नाइलाज आहे' म्हणणारा माणूस, सगळ्यांना सारखाच लागू होणारा नियम आला तर त्याच्या बाजूने उभा राहतो का? राहिला तर नाइलाज खरा. त्या नियमाला वाट शोधत बसला तर त्याला नाइलाज नको होता, सबब हवी होती.

ही कसोटी कल्पनेतली नाही. मुंबईच्या गिरण्यांत ती एकदा लागून गेली आहे. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला तेव्हा त्यात सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी होती आणि सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाचे नऊ तास! एवढ्यालाही विरोध झाला. युक्तिवाद तोच: स्पर्धेत टिकणार नाही. गंमत म्हणजे त्या कायद्यामागे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा दबाव होता; इथली मजुरी महाग झाली तर त्यांचं कापड खपणार होतं. हेतू स्वच्छ नव्हताच. पण नऊ तासांवर सुटलेल्या पोराला तो हेतू काय करायचा होता? निर्णय कुणाचं ओझं हलकं करतो हे महत्त्वाचं, कुणाच्या मनात काय होतं हे दुय्यम. पुढे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. कशी मान्य केली ते बघण्यासारखं आहे. एका गिरणीने रविवारी बंद ठेवलं असतं तर ती मागे पडली असती. सगळ्यांनी एकत्र ठरवलं म्हणून कुणीच कुणाच्या मागे पडलं नाही. सहा वर्षं 'अशक्य' असलेली गोष्ट एका ठरावाने शक्य झाली, आणि गिरण्या त्यापुढेही चांगल्या शतकभर चालल्या.

ही कसोटी आज आपल्याकडे लावून बघायची तर उद्यमनगर-शिरोली-गोकुळ शिरगावच्या औद्योगिक पट्ट्यासारखी जागा नाही. शिरोलीतल्या एका छोट्या मशीन शॉपचे हिशेब मी पाहतो, त्यामुळे इथे जरा थांबतो. कास्टिंग मोठ्या फौंड्रीतून येतं, आम्ही मशीनिंग करून पाठवतो. पगार महिन्याला द्यावा लागतो, महावितरण एक दिवस थांबत नाही, टूल्सवाला रोख मागतो. बिल मात्र नव्वद दिवसांनी, कधी एकशेवीस. म्हणजे वर्षाला कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कारखान्याला खेळतं भांडवल कोण पुरवतं? सहा मशिनचा शॉपवाला, स्वतःच्या घरावर कर्ज काढून. पर्चेसवाल्याशी बोललात तर तोही वाईट माणूस नसतो. 'पुढूनच आमचे येत नाहीत हो' म्हणतो, आणि पुष्कळदा ते खरं असतं.

यावर नियम नव्हता असं नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने सूक्ष्म-लघु पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचं बंधन घातलं, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लावलं. तक्रारीला सुविधा परिषद आहे, २०१७ पासून ऑनलाइन सोयही आहे. पण तक्रार करणार कोण? ज्याच्यावर तक्रार करायची त्याच्याचकडून पुढची ऑर्डर यायची असते. मी वर 'नाही म्हणायची सोय' म्हणालो ती हीच. हक्क कागदावर पूर्ण आहे, पण तो वापरण्याची किंमत म्हणजे धंदाच.

मग २०२३ च्या वित्त कायद्याने आयकराच्या ४३ब कलमात एक उपकलम घातलं. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजा होईल. तोवर त्यावर कर भरा. १ एप्रिल २०२४ पासून हे लागू झालं. आता बघा, सगळ्यांना एकदम लागू होणारा नियम आला होता. 'मी एकटा कसा देऊ' ही अडचण संपायला हवी होती. काहींनी खरोखरच मार्चच्या आत जुनी येणी चुकती केली, ते नाकारत नाही. पण देशभरातून दुसऱ्याही बातम्या आल्या आणि त्या इथेही कानावर पडल्या: पुरवठादाराला सांगायचं, तुझी उद्यम नोंदणी (लघुउद्योग असल्याची सरकारी नोंद) रद्द कर, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे देतो. कुणी लहानांना सोडून मध्यम उद्योगांकडून माल घेऊ लागलं, कारण त्यांना हे कलम लागत नाही. म्हणजे नाइलाजाची सबब ज्या दिवशी काढून घेतली, त्या दिवशी काहींनी आणखी दुबळा पुरवठादार शोधला. मी त्यांना राक्षस म्हणत नाही. 'स्पर्धेमुळे' हे उत्तर त्यांच्या तोंडी आता शोभत नाही, एवढं म्हणतो.

आता माझ्या बाजूचे वाटतात त्यांच्याशी भांडतो. व्यवस्थापनाच्या वर्गात आणि रोटरीच्या भाषणात एक गोड समजूत फिरत असते: नीतीने वागलं की धंदा वाढतोच, सचोटी हीच खरी गुंतवणूक. ऐकायला छान, पण नीतीचा याहून कच्चा बचाव मला माहीत नाही. सचोटी फायद्याची असेल तर तिला नीती कशाला म्हणायचं? लांबचा हिशेब म्हणा. आणि ज्या दिवशी हिशेब उलटा पडेल त्या दिवशी ती टाकून द्यायची मुभाही त्याच वाक्यात दडलेली आहे. शिवाय ते खरंही नाही. बाजार शिक्षा करतो ती गिऱ्हाइकाला कळणाऱ्या चुकीची. दूध नासकं निघालं, चप्पल आठवड्यात तुटली, तर गिऱ्हाईक फिरकत नाही. पण ज्याच्या अंगावर किंमत पडते तो गिऱ्हाईकच नसेल तर?

ऊसतोड मजूर बघा. मराठवाड्यातून जोडपी येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत मोकळं होता येत नाही. खाडा झाला तर दंड. पाळीच्या दिवसांतलाही खाडा परवडेना म्हणून गर्भाशय काढून घेणाऱ्या बीडच्या बायकांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला. साखरेच्या पोत्यात यातलं काय उतरतं? काहीच नाही. साखर तेवढीच पांढरी, तेवढीच गोड. कुठल्या गिऱ्हाइकाने ती नाकारली? कुठल्या कारखान्याचं नाव त्याने बाजारात खाली आलं? तीच गत पंचगंगेची. वरच्या अंगाला सांडपाणी सोडणाऱ्याचं गिऱ्हाईक मुंबईत नाहीतर सुरतेला. खालच्या अंगाला तेरवाडच्या बंधाऱ्याशी मेलेले मासे बघणारा माणूस त्याच्याकडून काही विकत घेत नाही. मग 'सचोटीने धंदा वाढतो' हे त्या माणसाला कोण सांगणार? जिथे वाईट वागणं खपून जातं नेमकं तिथेच नीतीचं काम सुरू होतं, आणि ही गोड समजूत तिथेच पाय काढते.

तिसरा आक्षेप जास्त पढीक मंडळींचा. मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये मांडलं की कंपनीच्या व्यवस्थापकाने समाजसेवा करू नये. पैसा मालकांचा आहे, त्याने मालकांचा नफा वाढवावा. यात दम आहे. दुसऱ्याच्या पैशाने उदार होणं सोपं असतं. पण त्याच लेखात फ्रीडमन यांनी मर्यादाही घातली होती: समाजाचे मूळ नियम पाळून, आणि त्या नियमांत कायदा तसाच नैतिक रिवाजही त्यांनी धरला होता. आपल्याकडे त्यांचं पहिलं अर्धं तेवढं आलं. आणि आपल्या जिल्ह्यात त्यांच्या मांडणीची एक विचित्र परीक्षाही झाली आहे. सहकारी साखर कारखान्याचा मालक कोण? सभासद शेतकरी. आणि बिल कुणाचं थकतं? त्याच शेतकऱ्याचं. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे. त्यात ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे, उशिराला पंधरा टक्के व्याज. तरी राज्य सरकारने २०२२ मध्ये एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, दोन हप्त्यांत द्यायची मुभा दिली आणि मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द करेपर्यंत तीच चालली. मालक स्वतःच्याच कारखान्यासमोर येणेकरी म्हणून उभा. मालकी कुणाची यावरून नीती ठरत नाही, याहून वेगळा पुरावा काय हवा?

कारखान्यांची बाजूही ऐकायला हवी. साखर वर्षभर विकली जाते आणि बिल पंधरवड्यात द्यायचं असतं. मधलं अंतर बँकेच्या मालतारण कर्जाने भरायचं. साखरेची किमान विक्री किंमत २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाली आणि उसाचा दर चढत गेला तरी ती वर्षानुवर्षं तिथेच राहिली. ही अडचण खरी आहे. पण खऱ्या अडचणीचा सगळा भार दरवेळी एकाच खांद्यावर, जो सगळ्यात कमी ओरडू शकतो त्याच्यावर का येतो? चेअरमनच्या गाडीचं डिझेल कधी दोन हप्त्यांत आलंय का? आणि ऊसवाल्याला निदान दर मागायला शेतकरी संघटनेची जयसिंगपूरची ऊस परिषद आहे, रस्त्यावर टाकायला ट्रॅक्टर आहे. कोयत्याला तेही नाही.

दानधर्माबद्दल थोडक्यात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात इथल्या व्यापाऱ्यांनी, कारखानदारांनी जे केलं ते मी पाहिलंय आणि त्याला नाटक म्हणणाऱ्याशी माझं जमणार नाही. पण मिळवलेल्या पैशाचं काय केलं हा एक प्रश्न आणि तो मिळवला कसा हा दुसरा. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले. त्या तरतुदीला उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांशी देणंघेणं नाही. शाळेला बाक देणारा आणि शॉपवाल्याला चार महिने लटकवणारा माणूस एकच असू शकतो, आणि दोन्ही खातेवह्या खऱ्या असतात.

दान आणि नीती यांतला हा फरक कोल्हापूरला शिकवायची गरज पडू नये. गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी नुसती मदत देऊन परत पाठवता आलं असतं. पाण्याला शिवले म्हणून मार खाल्लेल्या त्या माणसाला त्यांनी चहाचं हॉटेल काढून दिलं. पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? बाजार आपणहून न्याय देत नाही. तो गिऱ्हाइकाच्या मनातली जात तशीच गल्ल्यावर आणतो. 'दर्जा चांगला ठेव, गिऱ्हाईक येईल' हा सल्ला तिथे कुचकामी होता. म्हणून महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेऊ लागले, बरोबरच्यांनाही घ्यायला लावू लागले. त्यांनी वजन टाकलं ते गिऱ्हाईक म्हणून. ज्याच्या हातात खरेदी आहे त्याच्याच हातात नीतीचा मोठा भाग असतो, मग तो गुळाचा व्यापारी असो, चपलांचा दुकानदार असो की फौंड्रीचा पर्चेसवाला.

म्हणून माझी मागणी अगदी रुक्ष आहे. सूक्ष्म-लघु पुरवठादारांचे पैसे ४५ दिवसांपुढे थकवणाऱ्या कंपन्यांना त्याचा सहामाही तक्ता कंपनी निबंधकाकडे भरावा लागतो, उशिराच्या कारणासह. कागद तयार असतो, सह्या झालेल्या असतात. आपल्या औद्योगिक संघटनांनी आपल्या सभासद कंपन्यांना तोच कागद वार्षिक सभेत वाचून दाखवायला सांगावा. नवा कायदा नको, मोर्चा नको, खर्च शून्य. सगळ्यांनी एकाच दिवशी वाचला तर कुणाचीच एकट्याची बदनामी होणार नाही. ज्यांना तो वाचायला अडचण वाटेल त्यांनी ती अडचण काय आहे, तेवढं त्याच सभेत सांगावं.